संसदीय शासनपद्धतीतील राज्यमंत्रिपद : एक विवेचन

भारतीय राज्यघटनेच्या ७५ व्या कलमात मंत्र्यांच्या श्रेणी सांगितलेल्या नाहीत. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री व उपमंत्री ही उतरंड प्रथेने रूढ झाली. स्वतंत्र कार्यभार नसलेल्या राज्यमंत्र्याकडे कॅबिनेट मंत्री सोपवील तेवढेच काम येते. कॅबिनेटच्या बैठकीस तो एरवी नसतो. मात्र तेथील निर्णयांची सामूहिक जबाबदारी त्याच्यावरही असते आणि सभागृहात खात्याच्या वतीने उत्तरे द्यावी लागतात. तरीही हे पद प्रशासनाची पाठशाळा ठरू शकते. महाराष्ट्रात शरद पवार १९७२ मध्ये राज्यमंत्री झाले व १९७८ मध्ये मुख्यमंत्री. अर्थात, प्रत्येकास अशी संधी लाभत नाही. अधिकाराविना जबाबदारी हा या पदाचा मूळ दोष होय. म्हणूनच कार्यवाटप सुस्पष्ट व लेखी असणे अगत्याचे ठरते.