हाड भरून बसवलेला दात किती वर्षं टिकतो?

मागच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. कशाला, तर दात बसवायला. खालची दाढ काढून त्यांना चार वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, जबड्याचं हाड झिजलंय, आधी हाड भरू, मग इम्प्लांट. लगेच कुणीतरी विचारलं, "एवढे पैसे घालून टिकणार किती?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही माहिती काढली.

दात गेला की त्या जागेचं हाड आटत जातं. पहिल्या वर्षभरात रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते. अरुंद बांधावर खांब रोवला तर धर कशाचा? म्हणून तिथे हाडाची भुकटी भरतात. ती आपल्याच हाडाची, जनावराच्या हाडापासून केलेली किंवा कृत्रिम असते. (पुष्कळदा ती गाईबैलाच्या हाडाची असते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं.) वर पातळ पडदा घालतात. हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. पडदा नसेल तर हिरडीच ती जागा बळकावते. हाड तयार व्हायला चार-सहा महिने, कधी जास्तही लागतात. मग टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तो हाडाशी जुळला की वर कॅप. म्हणजे काम वर्षभराचं धरा, हप्ते त्या हिशेबाने ठरवा.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी शोधलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. तो २००६ साली वारला, तोवर ते कामाला येत होते.

भरलेल्या हाडातल्या इम्प्लांटचं काय? नीट तपासून बसवले तर दहा वर्षांनी शंभरातले नव्वदाहून जास्त जागेवर असतात, मूळ हाडातल्यासारखेच. पण हे आकडे बहुतेक वेळच्या वेळी तपासणीला येणाऱ्या रुग्णांचे. आणि जागेवर आहे म्हणजे निरोगी आहे असं नाही. इम्प्लांटभोवती हिरडी सुजते, घासताना रक्त येतं, आतलं हाड झिजत जातं, आणि बरेचदा दुखत काहीच नाही. दुखलं नाही म्हणून दवाखान्यात न जाणाऱ्या आपण! म्हणून तपासणीला जायच्या एसटी भाड्याचे पैसेही आधीच बाजूला काढायचे.

आता मिश्री. यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललंच नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त निकामी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. मिश्रीही तंबाखूच, आणि ती आपण थेट हिरडीवर चोळतो. डॉक्टरांपासून ती लपवायची नाही. साखर आटोक्यात नसेल तरी जखम भरत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.

खर्च झेपत नसेल तर ब्रिज किंवा कवळी आहेच, त्यात कमीपणा नाही. हेही आम्ही ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाकरी दोन्ही बाजूंनी चावायचीय मला."

कर्ज मंजूर झालं. मिश्री सोडून ताईंना आज चोवीस दिवस झाले. साखरेची तपासणी येत्या गुरुवारी आहे. आमच्यातली एक जण सोबत जाणार आहे.