फोनच्या अलीकडची धाकधूक

फोनवर पेशंट पाहताना डॉक्टरच्या हातून काय काय निसटतं, ते आधी सांगते. पेशंट दारातून आत येतो तेव्हा तो कसा चालतो, बाकावरून उठताना कशाला धरतो, हे बघता बघताच आमचं अर्धं निदान झालेलं असतं. ओठांचा रंग, पायावरची सूज, पोट दाबलं की चेहऱ्यावर उमटणारी कळ, अंगातल्या सदऱ्याला येणारा फवारणीच्या औषधाचा वास. फोनवर यातलं काहीच येत नाही. येतो तो फक्त आवाज, तोही बऱ्याचदा पेशंटचा नसतो. त्याच्या मुलाचा, नाहीतर सुनेचा असतो. तेवढ्यावर ठरवायचं असतं की या माणसाला घरीच राहू द्यायचं, का आत्ताच्या आत्ता गाडीत घालायला सांगायचं.

हे ठरवताना डॉक्टरच्या मनात जी धाकधूक होते, ती मोजता येते. ती मोजलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण तिचा संबंध थेट पेशंटच्या जिवाशी आहे.

माझा दवाखाना बोरगावला. सौंसर तालुक्यातलं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं हे गाव. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि रेमंडची कापडगिरणी, दुसऱ्या बाजूला कपाशी आणि संत्र्याचे बगीचे. मोठं दुखणं निघालं की लोक सावनेरवरून नागपूर गाठतात. रात्रपाळीवर निघालेला मुलगा गावातल्या आईसाठी फोन करतो, पुण्याला गेलेली मुलगी इथल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी. शेतातून दवाखान्यात यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधी फोन होतो. लोकांची ही गरज खरी आहे. तिला नाही म्हणणं मला पटत नाही.

एक फोन

एक नमुना सांगते. रात्री फोन आला. ‘मॅडम, मायले सकाळपासून लय थकल्यावानी वाटून राहिलं. घाम येऊन राहिला. छातीत नाही दुखत म्हणते.’

बाई जुन्या मधुमेही. जुन्या मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, थकवा, मळमळ एवढ्यावरच तो येऊन जातो. पण उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? साखर उतरली तरी येतो. मी विचारलं, जेवल्या का, गोळी कधी घेतली, जबडा किंवा हात भरून आल्यासारखा वाटतो का. मग मुलाला सांगितलं, ‘घड्याळ समोर धर, त्यांच्या पोटाकडं बघ आणि मिनिटभर श्वास मोज.’ तो तिकडे मोजत होता आणि इकडे माझा हात वहीवर थांबला होता.

काही जण एका दमात किती आकडे म्हणता येतात, त्यावरून फोनवर धाप जोखतात. कोरोनाच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हे तपासलं आणि त्यावर विसंबू नका असं सांगितलं. फोनवर धाप मोजायची खात्रीची कसोटी त्यांना एकही सापडली नव्हती. म्हणजे इतका साधा प्रश्न, ‘पेशंटला धाप आहे का?’, आणि फोनवर त्याचं पक्कं उत्तर मिळत नाही.

त्या रात्री मी कार्डिओग्राम काढायला पाठवलं. त्यात बदल दिसले आणि बाईंना नागपूरला नेलं. तो निर्णय मी माहितीवर घेतला, तसाच स्वतःच्या अस्वस्थतेवरही घेतला, हे मला स्पष्ट कळत होतं.

मोजायचं कसं

चिंता मोजायची साधनं बरीच आहेत. सगळ्यात ओळखीची जीएडी-७. स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी करावी, असा संकेत. पण ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. एखादा माणूस चिंतेच्या आजाराने ग्रासलाय का, हे शोधायला ती चांगली. रात्रीच्या त्या एका फोनने डॉक्टरच्या मनात काय केलं, हे तिला सांगता येत नाही.

त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. एक चिंता स्वभावातली, माणसाच्या घडणीतच असलेली. दुसरी प्रसंगाची, या घडीला वाटणारी. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत दोन्हींसाठी वीस-वीस विधानं आहेत आणि प्रत्येक भागाचे गुण २० ते ८० मध्ये येतात. पण गर्दीच्या ओपीडीत दर पेशंटनंतर वीस विधानं कोण भरणार? ही अडचण मार्टो आणि बेकर या दोघींनी १९९२ मध्ये सोडवली. त्यांनी सहाच विधानं ठेवली. या क्षणी मी शांत आहे, ताणात आहे, अस्वस्थ आहे, निवांत आहे, समाधानी आहे, काळजीत आहे. प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘खूपच’पर्यंत चार पायऱ्या. शांत, निवांत, समाधानी यांचे गुण उलटे धरायचे. बेरजेला सहाने भागून वीसने गुणलं की आकडा पुन्हा २० ते ८० मध्ये बसतो. बेरीज १२ आली तर ४०, १८ आली तर ६०. मिनिटभरात होतं.

तिसरं साधन खास डॉक्टरांसाठी आहे. मार्था गेरिटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये डॉक्टर अनिश्चिततेला कसे सामोरे जातात, हे मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि १९९५ मध्ये ती सुधारली. अनिश्चिततेमुळे येणारी चिंता, काही वाईट घडेल ही भीती, ‘मला नक्की सांगता येत नाही’ हे पेशंटला सांगायचा संकोच, आणि चूक झाली तर सहकाऱ्यांजवळ बोलायचा संकोच, अशा चार गोष्टी ती वेगवेगळ्या मोजते. फोनवरच्या कामाला हे माप फार जवळचं आहे. फोनवर अनिश्चितता नेहमीच जास्त असते. डॉक्टर-डॉक्टरमध्ये फरक पडतो तो ती पेलण्यात.

नाडीचे ठोके, तळहाताचा घाम, लाळेतलं कॉर्टिसॉल यांवरूनही ताण मोजतात. पण नाडी चहानेही वाढते, जिना चढल्यानेही. कॉर्टिसॉल सकाळी वर असतं आणि दिवसभरात उतरत जातं, त्यामुळे सकाळच्या फोनची संध्याकाळच्या फोनशी तुलना करता येत नाही. शरीराची मापं प्रश्नावलीच्या जोडीला ठीक, एकटी नकोत.

मोजणीची पद्धतही नेकीची हवी. एका डॉक्टरची तुलना दुसऱ्याशी करण्यात अर्थ नाही. प्रत्येकाची त्याच्या स्वतःशीच करायची. समोरचा पेशंट आणि फोनवरचा पेशंट, दोन्हींनंतर तीच सहा विधानं. शेजारी लिहायचं की पेशंट आधी पाहिलेला होता का, बोललं कोण, वेळ कुठली, लाइन तुटली का, आणि दुसऱ्या दिवशी काय निघालं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. डॉक्टरची अस्वस्थता कुठे खरी ठरते आणि कुठे उगाच, हे त्यावरूनच कळतं.

भीती कशाची?

पहिली भीती अर्थातच पेशंटची. फवारणीच्या दिवसांत ‘उलटी होऊन राहिली’ असा फोन आला की मी विचारते, तोंडाला लाळ सुटली का, घाम किती, डोळ्यांची बाहुली बारीक झाली का. कीटकनाशकाच्या विषबाधेची ही लक्षणं. तिथे फोनवर उपचार होतच नाहीत, पेशंट तातडीने हलवावा लागतो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, ते या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते. त्यानंतर ‘डोक्याले दगड लागला होता, आता उलटी झाली’ असं कुणी सांगितलं, तर मी दुसरा प्रश्न विचारत नाही. निघा म्हणते.

दुसरी भीती कायद्याची. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, प्रसूतीनंतर घरी गेलेल्या बाईला त्रास झाल्यावर फोनवरून औषध सांगितलं गेलं. पुढे ती दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदान न करता औषध देण्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. त्या बाईचं घर उद्ध्वस्त झालं, ते दुःख सगळ्यात मोठं. पण त्या निकालानंतर फोन उचलताना हात अडखळायला लागले, हेही खरं.

२५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, देशाची टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि पायाखाली जमीन मिळाली. नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठल्याही भागातल्या पेशंटला सल्ला देऊ शकतो, असं तिने स्पष्ट केलं. आमच्यासारख्या सीमेवरच्यांना याचं महत्त्व विशेष, कारण माझा अर्धा गोतावळा सीमेपलीकडच्या सावनेरकडचा. औषधांच्या याद्याही ठरल्या. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं कशाही मार्गाने सांगता येतात. काही औषधं पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओवर पेशंट दिसला पाहिजे. काही फक्त आधी पाहिलेल्या पेशंटलाच, त्याच दुखण्यासाठी. झोपेच्या आणि नशा आणणाऱ्या गोळ्या अजिबात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढ्यावर भागणार नाही असं वाटलं तर कुठल्याही क्षणी पेशंटला समोर बोलावण्याचा अधिकार डॉक्टरचा आहे.

तरी धाकधूक संपत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या जुन्या जिल्ह्यात, परासिया भागात, खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून जास्त लेकरं गेली. त्यांतली बरीच नागपूरच्या दवाखान्यांत मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. तेव्हापासून ‘घरात खोकल्याची बाटली आहे, देऊ का?’ असा फोन आला की मी बाटलीचा फोटो मागते, आणि चार वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं मिश्र औषध देऊ नका म्हणते. सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये अशा एका मिश्रणाबद्दल हीच सूचना काढली होती.

आकडा काय सांगतो

काही काळापासून मी फोन ठेवल्यावर ती सहा विधानं वहीत भरते. याला संशोधन म्हणता येणार नाही. एका डॉक्टरच्या वहीवरून जगाबद्दल बोलू नये. पण मला स्वतःपुरतं जे दिसलं ते असं. आजाराच्या गंभीरपणापेक्षा पेशंट आधी पाहिलेला आहे की नाही, याने आकडा जास्त हलतो. ज्याची छाती मी महिन्यापूर्वी ऐकलीय, त्याचा खोकला मला फोनवरही ओळखू येतो. पेशंट स्वतः बोलला तर आकडा उतरतो, मधला माणूस बोलला तर चढतो. आणि ‘रात्री मी परत फोन करते, तोवर अमुक झालं तर थांबू नका’ असं ठरवून फोन ठेवला, तर तो सगळ्यात खाली येतो.

मग उपायही दिसायला लागतात. ई-संजीवनी ही सरकारी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये. तिच्या पहिल्या रूपात उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी पेशंटजवळ बसतो, रक्तदाब घेतो, साखर तपासतो आणि मग डॉक्टरशी जोडून देतो. तिकडे कुणाचे तरी शिकलेले हात आहेत, हे कळल्याने डॉक्टरचा धीर किती वाढतो! फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेवर दहा कोटी सल्ले झाले. प्रत्येक सल्ल्याची नोंद संगणकात आहे. तिथेच शेवटी डॉक्टरला एक प्रश्न विचारला, ‘या निर्णयाबद्दल तुम्ही किती निश्चिंत आहात?’, तर केवढी माहिती हाती येईल. इंग्लंडमध्ये फोनवरच्या सल्ल्याची एकवीस हजारांच्या आसपास पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. आधी डॉक्टरशी फोनवर बोललेल्यांचे पुढच्या २८ दिवसांतले दवाखान्याशी संपर्क तिसऱ्या हिश्श्याने वाढले होते. संपर्क मोजले, खर्च मोजला. तसंच फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरचं मनही मोजायला हवं.

एक अट मात्र पाळली पाहिजे. हा आकडा डॉक्टरला जोखण्यासाठी वापरायचा नाही. वरिष्ठांच्या टेबलावर नावानिशी गेला, तर उद्यापासून सगळे ‘मी शांत आहे’ असंच लिहितील. तो नाव न लावता गोळा व्हावा आणि त्यावरून व्यवस्था बदलावी. कुठल्या तक्रारी फोनवर घ्यायच्याच नाहीत, कुठल्या उपकेंद्रात माणूस हवा, रात्री किती फोन एका डॉक्टरकडे जावेत. आणि डॉक्टरांनी आपसात बोलावं. मायकल बालिंट या डॉक्टरांनी लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना गोल बसवून अवघड पेशंटबद्दल मन मोकळं करायला लावलं. १९५७ च्या त्यांच्या पुस्तकानंतर असे गट जगभर झाले. सौंसर-पांढुर्ण्याच्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा असं बसायला काय हरकत आहे?

वाचकांनाही एक सांगणं आहे. फोन कराल तेव्हा पेशंटच्या जवळ बसून करा आणि त्याला स्वतः बोलू द्या. चालू गोळ्यांची पाकिटं, आधीचे कागद, ताप-रक्तदाब-साखरेचे आकडे हाताशी ठेवा. डॉक्टर ‘घेऊन या’ म्हणाली तर कमिशनसाठी किंवा टाळायला बोलावते असं समजू नका. तिला फोनवर जे दिसत नाही, ते बघायचंय. तिची धाकधूक तुमच्या माणसासाठीच आहे. ती लपवावी लागू नये, उघड मोजता यावी आणि कामी यावी, एवढंच आम्हा फॅमिली डॉक्टरांचं मागणं आहे.