मेल पुसले, फाइल तेवढीच!

आउटलुकमधले हजारो जुने मेल पुसले, कचरापेटीही रिकामी केली. तरी डिस्कवरची पीएसटी फाइल जेवढीच्या तेवढीच. हा बिघाड नव्हे. मेल पुसला की प्रोग्राम त्याची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवतो, फाइल लगेच लहान करत नाही. चाळीतली खोली रिकामी झाली म्हणून चाळ लहान होत नाही, तसंच. त्या जागेत पुढचे मेल येऊन बसतात. आकार खरोखर उतरवायचा तर अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘डेटा फाइल्स’ निवडून तिथल्या सेटिंग्जमधून ‘कॉम्पॅक्ट नाउ’ करावं लागतं. मोठ्या फाइलला वेळ लागतो; मध्येच संगणक बंद करू नका.

आउटलुक २००२ पर्यंत या फाइलची कमाल मर्यादा २ जीबी होती, आणि ती गाठली की फाइल बिघडण्याची भीती असे. २००३ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५०. (तेवढी भरायलाच हवी असं थोडंच आहे!) खरं ओझं अटॅचमेंटचं असतं. मेल आकारानुसार लावा, सगळ्यात जड तेवढे आधी काढा. त्याआधी मात्र आउटलुक बंद करून फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवाच.