बाटली निराळी, मारा तोच

हेमलकशाकडे जाताना धानाच्या बांध्या लागतात. पानांवर होडीच्या आकाराचे, मधोमध राखी ठिपके दिसले, की समजावे, करपा आला. या बुरशीवरचे एक जुने औषध किटाझिन. त्यात स्फुरद आणि गंधक जोडलेले असतात; बुरशीच्या पेशींच्या आवरणाला लागणारे स्निग्ध द्रव्य ते घडू देत नाही. पण बुरशी मोठी वस्ताद! जपानच्या शेतांत १९७०च्या दशकातच त्याला न जुमानणारी बुरशी निघाली. काही जाती तर स्फुरद-गंधकाची गाठच तोडतात. अशा बुरशीपुढे आयसोप्रोथायोलेनही लंगडे पडते, कारण दोघांचा घाव एकाच जागी. ट्रायसायक्लाझोलची वाट वेगळी. ते बुरशीचे काळे रंगद्रव्य अडवते. बँकेत पीककर्जाच्या कागदांवर मला औषधाची रक्कम दिसे, गट कधीच नाही.