रक्त पातळ करणारी गोळी : 'आशियाई' आकडे आणि अचलपूरचा पेशंट

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार. त्यावर रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली, की आपल्या अचलपूर-परतवाड्याकडचा माणूस पहिलं काय विचारतो? "डॉक्टरसाहेब, वावरात विळा लागला अन् रगत थांबलंच नाही, त मंग?"

प्रश्न रास्त आहे. पण विळ्याच्या जखमेवर कापड घट्ट दाबून धरलं की रक्त थांबतं, जरा उशिरा थांबतं इतकंच. खरी भीती दोन गोष्टींची: गोळी न घेतल्यास हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची, आणि गोळी घेतल्यावर मेंदूत रक्तस्राव होण्याची.

आता, वॉरफरिन या जुन्या गोळीवर आशियाई पेशंटमध्ये मेंदूतला रक्तस्राव युरोपीयांपेक्षा जास्त दिसला. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्झाबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांनी तो बराच कमी झाला. खरं आहे. पण त्या अभ्यासांतले 'आशियाई' म्हणजे मुख्यतः जपान, चीन, कोरिया, तैवानचे लोक. ज्या जनुकीय प्रकारामुळे वॉरफरिन कमी लागतं, तो तिकडे बहुतेकांत असतो, भारतात थोड्यांतच. सिंगापूरमध्ये तर चिनी आणि मलय पेशंटपेक्षा तिथल्याच भारतीयांना डोस जास्त लागला. म्हणजे टोकियोचा आकडा वऱ्हाडात जसाच्या तसा चालत नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. लहानपणी घसा सुजला, मग सांधे धरले, आणि पुढे हृदयाची झडप आकसली, असे ऱ्हुमॅटिक आजाराचे पेशंट इथे अजून आहेत. नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून असे पेशंट बहुतांशी वगळलेले होते. २०२२ साली 'इन्व्हिक्टस' या अभ्यासाचे निकाल आले. २४ देशांतले साडेचार हजारांवर पेशंट, सगळे याच आजाराचे. रिव्हरोक्झाबानपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव काही वाढला नाही! म्हणून झडप बरीच आकसलेली असेल किंवा धातूची कृत्रिम बसवलेली असेल, तर जुनीच गोळी. आपल्याकडे बहुधा असिनोकुमारॉल. त्यासाठी आधी इको करून झडप बघावी लागते.

जुन्या गोळीला आयएनआर तपासणी लागतेच. आकडा साधारण २ ते ३ मध्ये राहिला पाहिजे. पावसाळ्यात रोज तरोट्याची भाजी आणि उन्हाळ्यात पालेभाजीच नाही, असं झालं तर तो हलतो. भाजी सोडू नका हो, वर्षभर प्रमाण सारखं ठेवा.

नव्या गोळीतली चूक वेगळी. "माणूस बारीक आहे, अर्धा डोस पुरे." एपिक्साबानचा डोस अर्धा करायचा तर तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आता आपल्याकडे साठच्या आतली माणसं किती! नुसत्या वजनावर डोस तोडला, तर औषधाचा खर्च होतो आणि गुठळीपासून पुरतं संरक्षणही मिळत नाही.

आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक? यातली कुठलीही गोळी चालू असेल, तर ती पोटातून रक्तस्राव करू शकते. शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.