डिस्क लिहू देत नाही, तेव्हा

क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय केंब्रिजहून २०१२ साली बाजारात आला, तो मुख्यतः मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी. आज कितीतरी घरांत तो चोवीस तास चालणारा सर्व्हर झाला आहे. त्याला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडलेली असते आणि तिच्यावर घरचे सगळे फोटो. मग एके दिवशी जुने फोटो उघडतात, पण नवा साठवता येत नाही. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा.

'परमिशन डिनाइड' असेल, तर बहुधा डिस्क धडधाकट आहे. पाय ज्या लिनक्सवर चालतो, त्यात प्रत्येक फाइलला मालक असतो. एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये मात्र मालकाची नोंदच नसते, त्यामुळे डिस्क माउंट करताना ठरेल तोच सगळ्या फाइलींचा मालक. तो 'रूट' म्हणजे मुख्य प्रशासक ठरला, तर तुम्हाला लिहिता येत नाही. माउंटच्या ओळीत आपला युजर क्रमांक घातला की काम होतं.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' हा संदेश मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. एनटीएफएसची डिस्क विंडोजमधून नीट 'इजेक्ट' न करता ओढून काढलेली असेल, तर ती विंडोजलाच जोडून तपासून घ्यावी. पण ईएक्सटी४ची डिस्क चालता चालता अचानक रीड-ओन्ली झाली, तर पहिला संशय विजेवर घ्यावा.

पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते. अडीच इंची हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागताना ती एकटीच सुमारे एक अँपिअर ओढू शकते. त्यात अ‍ॅडॉप्टरची केबल बारीक असली की संपलंच. केबलचा जाण्यायेण्याचा रोध ०.२ ओहम धरा. ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ५.१ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमधून बोर्डापर्यंत ४.५च पोचतात. ४.६३च्या आसपास पाय 'अंडरव्होल्टेज'चा इशारा देतो. स्क्रीन जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण दिसते, नाहीतर कर्नलच्या लॉगमध्ये नोंद सापडते. वीज अशी कमी पडली की डिस्क क्षणभर तुटते, फाइल सिस्टीमच्या जर्नलमधली नोंद अर्धवट राहते आणि उरलेला डेटा बिघडू नये म्हणून कर्नल लिहिणंच थांबवतो. म्हणजे हा नकार तुमच्या फोटोंच्या रक्षणासाठी आहे. जबरदस्तीने पुन्हा 'रीड-राइट' माउंट करणं म्हणूनच घातक.

उपाय सरळ आहे: चांगला अ‍ॅडॉप्टर, जाड आणि आखूड केबल, डिस्कसाठी स्वतःची वीज असलेला यूएसबी हब. एवढं करूनही डिस्क तुटत राहिली, तर तिच्या डबीतली यूएसबी-साटा चिप तपासा. काही चिपना यूएएस ही वेगवान पद्धत झेपत नाही. बूटच्या सेटिंगमध्ये त्या चिपपुरती यूएएस बंद केली की वेग थोडा उतरतो, पण डिस्क टिकते.

त्यानंतरच डिस्क अनमाउंट करून फाइल सिस्टीम तपासणारी 'एफएससीके' (fsck) ही आज्ञा चालवा. आणि त्याच्याही आधी एक काम नक्की करा. डिस्क लिहू देत नसली तरी वाचू देते आहे, तेवढ्यात सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.