गप्प माणसाची खिडकी

लिंबाच्या रसाचे चार थेंब जिभेवर पडले की तोंडाला पाणी सुटतं. सगळ्यांनाच सुटतं, पण सारखं नाही. १९६७ साली हान्स आणि सिबिल आयसेंक या लंडनच्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने ते चक्क मोजून पाहिलं. रस देण्याआधी आणि दिल्यावर तोंडात कापसाचा बोळा ठेवायचा आणि त्याचं वजन करायचं, एवढा साधा प्रयोग. त्यात दिसलं असं, की घोळक्यात रमणाऱ्यांपेक्षा अबोल, आपल्या आपल्यात असणाऱ्या माणसांच्या तोंडाला सरासरी जास्त पाणी सुटतं.

मला हा प्रयोग विलक्षण वाटतो. ज्याला आपण घुमा म्हणतो, माणूसघाणा म्हणतो, लग्नघरात कोपरा धरून बसतो म्हणून ज्याची आई काळजी करते, त्याच्या स्वभावाची खूण त्याच्या बोलण्यात नव्हे, जिभेवर सापडली.

आयसेंक यांचं म्हणणं असं होतं, की मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूला मिळतो, तिथलं चेतातंतूंचं एक जाळं मेंदूला जागं ठेवतं. १९४९ मध्ये मोरुझी आणि मॅगून या दोघांनी गुंगीतल्या मांजराच्या या जाळ्याला विजेचा हलका स्पर्श दिला, तर त्याच्या मेंदूभर जागेपणाच्या लहरी उठल्या. अंतर्मुख माणसाचं हे जाळं मुळातच जास्त जागं असतं, म्हणून बाहेरून थोडंसं आलं तरी त्याला पुरतं, असा आयसेंक यांचा तर्क. पुढच्या संशोधनाने चित्र बरंच गुंतागुंतीचं केलं. आपल्यापैकी बहुतेक जण दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतो, हेही खरं. पण त्या तर्कातून निघालेला एक प्रयोग मला प्रवासाच्या संदर्भात फार मोलाचा वाटतो.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात रसेल गीन यांनी विद्यार्थ्यांना एक शिकण्याचं काम दिलं आणि कानात मधूनमधून आवाज सोडला. आवाज किती मोठा हवा ते काहींना स्वतःच ठरवू दिलं. अबोल विद्यार्थ्यांनी लहान आवाज निवडला, बोलक्यांनी मोठा. आपापल्या आवाजात दोघेही सारखेच शिकले, दोघांच्या हृदयाची गतीही साधारण सारखी राहिली. मग अबोलांना बोलक्यांचा आवाज दिला, तेव्हा ते गडबडले. बोलक्यांना अबोलांचा आवाज दिला, तर त्यांचंही शिकणं मंदावलं. दोघांतलं कुणीच कमी नव्हतं. आवाजाचं बटण कुणाच्या हातात आहे, एवढाच फरक होता.

बारा जणांच्या सहलीत हे बटण आपल्या हातात नसतं. सकाळी सहाला अंताक्षरी सुरू होते, कुणाला चहा हवा असतो, कुणाला फोटो, आणि रात्री पाठ टेकल्यावर लक्षात येतं की दिवसभरात जे पाहिलं त्यातलं काहीच आत उतरलेलं नाही. म्हणून एकट्याने निघालेल्या अबोल माणसाला “कुणाशी भांडलास का?” असं विचारणाऱ्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: तो कुणापासून पळत नाहीये. त्याला बघायचं आहे.

आणि बघण्यासारखं किती आहे! कोकण रेल्वेचंच घ्या. २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झालेला हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. त्यावर दिवसा धावणारी मांडवी एक्स्प्रेस, आणि तिच्यात खिडकीची जागा. पहिल्यांदा एकट्याने निघणाऱ्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. गाडी वाट दाखवते, कुठे वळायचं ते कुणाला विचारावं लागत नाही, आणि गप्प बसलेल्या माणसाकडे डब्यात कुणी वळून बघत नाही.

माणगाव-वीरच्या आसपास गाडीने वेग घेतला की समोर खिडकीशी बसलेल्या एखाद्या लहान मुलीच्या डोळ्यांकडे बघा. ती बाहेर टक लावून बघते आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिची बुबुळं एका झाडाला पकडून हळूच मागे सरकतात, झटक्यात पुढे येतात, दुसरं झाड पकडतात, पुन्हा मागे. घड्याळाच्या काट्यासारखी नियमित ही थरथर तिला अजिबात जाणवत नाही. वैद्यकात तिला एके काळी ‘रेल्वे निस्टॅग्मस’ असंच नाव होतं. आपले डोळेही तेच करत असतात, पण स्वतःचे डोळे हलताना कुणालाच दिसत नाहीत, आरशासमोर उभं राहूनसुद्धा. डोळा झटका घेतो तेवढ्यापुरतं मेंदू दिसणंच दाबून टाकतो आणि मधली फट बुजवतो. म्हणजे ज्याला आपण सलग हिरवं कोकण म्हणतो, ते शेकडो तुकड्यांतून शिवलेलं असतं. सोबत्याशी बोलण्यात गुंगलेल्या माणसाच्या हे लक्षात येणं कठीण. मलाही ते कळलं गप्प बसल्यामुळेच.

रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी गेलं की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर लांब. आत शिरताच खडखडाट भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परततो. डब्यातले लोक आधी आवाज चढवतात. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच नोंदवलं होतं. मग एकेक जण हार मानतो. वडे-कटलेटवाला गप्प होतो, राजकारणावरचा वाद गप्प होतो, आणि पुढची चार-पाच मिनिटं सगळा डबा अबोल होऊन बसतो.

तेवढ्या वेळात आपल्या कानात एक काम चाललेलं असतं. मधल्या कानात स्टेपीडियस नावाचा स्नायू आहे. जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा, हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये शरीरातला सर्वांत छोटा. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि कानातल्या सर्वांत लहान हाडाला आवरून धरतो, म्हणजे आतपर्यंत पोचणारा दणका कमी होतो. इथवर समजण्यासारखं आहे. थक्क करणारी गोष्ट पुढची. आपण बोलायला तोंड उघडतो, त्याच्या क्षणभर आधीसुद्धा हा स्नायू आकसतो, आपल्याच आवाजाने आपले कान भरून जाऊ नयेत म्हणून. शिवाय बोलत असताना मेंदूतलं आवाज ओळखणारं केंद्रही थोडं मंदावतं. म्हणजे बोलणाऱ्याचे कान बोलण्यापुरते किंचित मिटलेले असतात आणि गप्प बसलेल्याचे उघडे. अबोल माणसाला आजूबाजूचं जास्त ऐकू येतं असं आपण सहज म्हणून जातो. निदान त्या क्षणापुरतं तरी ते शरीराच्या पातळीवर खरं आहे!

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल लागतो. ६४ मीटर उंच. या पुलावर वेग मेल्यासारखा वाटतो, गाडी जणू तरंगू लागते. ड्रायव्हरने ब्रेक लावलेला नसतानाही असं वाटतं, आणि त्याचं कारण कागदावर मांडता येतं. गाडी ताशी ७५ किलोमीटरने जात असेल, तर खिडकीपासून तीन मीटरवरचं झुडूप समोरून जाताना सेकंदाला जवळजवळ ४०० अंश या गतीने डोळ्यासमोरून फिरतं. डोळा साधारण ३० अंशांपर्यंतच आरामात माग ठेवू शकतो, म्हणून जवळचं सगळं फरफटलेलं दिसतं. पुलावर जवळचं काही उरतच नाही. जे आहे ते ६४ मीटर खाली किंवा त्याहून लांब, आणि त्याची गती भरते फार तर १९ अंश. डोळ्याला प्रथमच सगळं पकडता येतं. खालची माडांची एकेक झावळी दिसते. जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांचा हा पूल, पण त्यासाठी आधीपासून खिडकीला लागून बसावं असं मी आवर्जून सांगेन.

आता सोबतीबद्दल. २०१४ साली येल विद्यापीठात एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना चॉकलेट खायला दिलं. शेजारी दुसरा माणूसही तेच चॉकलेट खात असेल, तर एक शब्दही न बोलता ते जास्त चविष्ट लागलं. मग कडू चॉकलेट दिलं. तेही सोबतीत जास्त नकोसं वाटलं. सोबत चव वाढवते, चांगली आणि वाईट दोन्ही. ज्याच्या जिभेला चार थेंब लिंबूही पुरेसं होतं, त्याला दर वेळी ही वाढ हवीच असेल असं नाही, हा माझा निष्कर्ष. त्याला तो पॅन्ट्रीतला गरम बटाटावडा आहे तेवढाच पुरतो.

पण इथे थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्याच वर्षी निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलने जाणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, आज गप्प बसा. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. विचारलं तेव्हा लोक म्हणाले होते, गप्प बसणंच बरं. झालं उलट, बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदाचा गेला. आणि अबोल-बोलके असा फरकही त्यात आढळला नाही.

एकट्याने फिरण्याची बाजू घेणाऱ्यांनी हा अभ्यास लपवू नये. मला तर तो एकट्या प्रवासाच्या बाजूचाच वाटतो. बारा जणांच्या घोळक्यात अनोळखी माणूस आपल्यापर्यंत पोचतच नाही. एकट्यापर्यंत पोचतो. शिवाय अबोल माणसाला संभाषणाची भीती नसते, ते संपणार कधी याचा घोर असतो. गाडीत तो घोर नाही, कारण समोरच्याचं स्टेशन ठरलेलं असतं. आणि कोकणच्या गाडीत सुरुवातही शोधावी लागत नाही. “गाव कुठलं तुमचं?” एवढं विचारलं की पुरे. तालुका निघतो, वाडी निघते, यंदा मोहोर कसा आलाय ते निघतं, एखादं लांबचं नातंही निघतं. कणकवली जवळ आली की समोरचे काका बॅगा आवरतात, “या कधी घरी” म्हणतात आणि उतरून जातात. पुढे कुडाळ, सावंतवाडी, पेडणे आणि मडगावपर्यंतचा सगळा रस्ता अजून बघायचा असतो.